निळ्या पट्टीवरचे टाके

९ जानेवारी

ठमे,

तुला ठमी म्हटलेलं आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा निदान नावावरून भांडायला तरी येशील अशी आपली एक आशा.

आधी बातमी सांगते. मी कडे चढायला शिकणार आहे. हो, मीच. वय चौपन्न, गुडघे दोन, दोन्ही कुरकुरे.

झालं असं की तंबूची चेन बदलायला एक पोरगी दुकानात आली. खांद्यावर दोराचं वेटोळं, नखांत माती. चेन बसवून दिली, तर जाताना काउंटरवर एक कागद ठेवून गेली. ‘नवशिक्यांसाठी प्रस्तरारोहण. आठ रविवार. वयाची अट नाही.’ मी तिला हाक मारून परत बोलावलं आणि विचारलं, "अट नाही म्हणजे कुठपर्यंत नाही?" तिने माझं वय विचारलं. सांगितलं. म्हणाली, "मग काकू, तुमच्यापेक्षा मोठे एकजण आधीच आलेत." झालं, घातलं नाव. डॉक्टरांनी गुडघे हलते ठेवा म्हणून सांगितलंच आहे, तेवढाच व्यायाम.

आता तू म्हणशील, मी पडले तेव्हा हिने आकाशपाताळ एक केलं, माझे बूट, हेल्मेट, दोर, सगळं भंगारात घातलं, आणि आता हिलाच हौस आलीय. घातलं भंगारात, नाही कुठे म्हणतेय? कड्यावर तुझा जीव ज्याच्या हवाली होता त्या तुझ्या लंबूने कडी नीट अडकवली नाही, तू पंधरा फूट खाली आपटलीस, घोटा मोडला, दोन बरगड्या मोडल्या. मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या? गेले त्याच्या चष्म्याच्या दुकानात आणि गिऱ्हाइकांसमोर त्याचे वाभाडे काढले. आठ महिन्यांवर आलेलं लग्न तू मोडलंस, मी नाही. मी फक्त बोलले. जरा जास्त बोलले असेन.

मावशी सांगते की तू तिच्याकडे राहून विम्याच्या ऑफिसात टेबलाशी बसतेस आणि तिचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतेस. तिथे थांबून काय करतेस गं? शेक घेत जा.

पुढच्या रविवारी पहिला वर्ग आहे. बूट कुठले घ्यायचे ते तुला विचारलं असतं. 

— आई


१७ जानेवारी

ठमे,

अंग असं ठणकतंय की कात्री धरवत नाही. सकाळी एका बाईंची पँट आखूड करायची होती, त्यांना सांगितलं, परवा या. का म्हणून विचारलं तर म्हटलं, काल भिंतीवर होते. त्या जरा लांबच उभ्या राहिल्या मग.

जुन्या गोदामात ही उंच लाकडी भिंत उभी केलीय आणि तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या. तुला कशाला सांगतेय, तू अशा भिंतींवरच लहानाची मोठी झालीस. एकदाही बघायला आले नव्हते ना मी, म्हणून मला सगळंच नवीन. तो कमरेचा पट्टा चढवताना मी पायाच्या एकाच फासात दोन्ही पाय घातले. तीस वर्षं लोकांना कपडे चढवतेय, आणि माझी ही गत! शिकवणारी तीच तंबूवाली पोरगी. जेमतेम पंचवीसची असेल, पण आवाज असा की मी तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलंय.

माझ्या जोडीला ते ‘माझ्यापेक्षा मोठे’ आलेत. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. मी वर चढायचं, त्यांनी खालून माझा दोर ताणून धरायचा, मग उलट. मी भिंतीवर दात-ओठ खात असले की खालून ओरडतात, "बाई, जबडा सैल सोडा!" जन्मभराची सवय.

गाठ मात्र मी पहिल्या फटक्यात घातली. आठाच्या आकड्यासारखी असते ती, तुला माहितीच आहे. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना माझी दाखवली. मला अशी काही मान ताठ करावीशी वाटली की विचारू नकोस. मग चढायला गेले आणि आपल्या दुकानाच्या माळ्याएवढ्या उंचीवर एका लाल खुंटीपाशी अडकले. जीव मुठीत धरावा म्हटलं तर दोन्ही मुठी खुंट्यांत गुंतलेल्या. चांगली पाच मिनिटं मी तिथे लाकडाला नाक लावून उभी होते.

घरी आल्यावर बसवेना. कपाट काढलं, लावलं, परत काढलं. बाजारात जाऊन आले आणि काहीच घेतलं नाही.

ते गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं. डॉक्टर चाला म्हणाले होते, भिंतीवर चढा नव्हते म्हणाले. मला बघायचं होतं की त्या दगडांत असं काय होतं, जे घरात नव्हतं. तू दर रविवारी पहाटे कशी उठायचीस! इतर दिवशी तुला उठवताना माझा घसा बसायचा. त्या दगडांचा मला राग यायचा, सवतीचा यावा तसा. हे मी कोणाला बोलले नाही. तुला बोलतेय, कारण तू समोर नाहीस.

— आई


३१ जानेवारी

ठमे,

चढले! खरा दगड! दगडखाणीच्या पलीकडचा तो लहान खडक, तीस फूट, तुमच्या भाषेत पोराटोरांचा. पण चढले आणि माथ्यावर हात टेकले. खाली डॉक्टर एवढेसे दिसत होते आणि मी वरून त्यांना ओरडून सांगितलं, "डॉक्टर, तुम्हाला टक्कल आहे हे मला आज कळलं!"

अर्ध्यावर पाय लटलट कापायला लागला होता. मास्तरीणबाई म्हणाली की सगळ्यांचाच कापतो, टाच खाली दाब. दाबली. बोटांना दगड खरखरीत लागत होता, काखेत घाम, तोंडाला कोरड, आणि गंमत म्हणजे पाऊण तास माझ्या डोक्यात एकही विचार नव्हता. कोणाचं माप नाही, कोणाचा वायदा नाही. तू नाहीस, मीही नाही. फक्त पुढचा हात कुठे. हे तुला दर रविवारी मिळत होतं तर मग घरी येऊन माझ्या तोंडाची टकळी ऐकताना तुला काय वाटत असेल, याचा विचार मी परतीच्या रस्त्यावर केला.

तुझं कधी कौतुक केलं नाही मी. एकदाही नाही. तू त्या स्पर्धेत दुसरी आलीस तेव्हा मी विचारलं, पहिली कोण आली? हे मला काल आठवलं आणि चालता चालता मी रस्त्यातच थांबले.

आपल्या घरात तोंडाने ‘चुकलं’ म्हणायची पद्धत नाही. माझ्या आईपासूनची रीत. भांडण झालं की दुसऱ्याचं काहीतरी फाटकं-उसवलेलं शोधायचं, शिवायचं आणि घडी करून त्याच्या खुर्चीवर ठेवायचं. दुसऱ्याने ते मुकाट अंगात घातलं की मिटलं. तुझ्या बाबांचे सगळे सदरे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शिवून झाले होते, एवढी भांडत होतो आम्ही. तू पाच वर्षांची असताना माझ्यावर चिडून माझ्या पदराला सुतळीने टाका घातला होतास. आता तुझं फाटकं माझ्याकडे काही उरलं नाही. म्हणून ही पत्रं.

मावशी म्हणते, माझी पाकिटं तू फोडत नाहीस, खणात टाकतेस. तरी असू दे. टाकतेस, फेकत नाहीस, एवढंही पुरे.

— आई


७ फेब्रुवारी

काल सामान तपासायचं शिकवलं. दोर, कड्या, पट्ट्या. विशेष काही नाही. मी अर्ध्यातून घरी आले, पोटात जरा गडबड होती. डॉक्टर सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

तुझी एक निळी पट्टी होती. हातभर लांब, दोन्ही टोकं एकमेकांवर शिवून जोडलेली. ती तू पडलीस त्या दिवशी बरोबर होती का? तुझ्याकडे दुसऱ्याही असतील ना? एकच थोडी असते कोणाकडे. लाल होती एक, मला वाटतं. का ती त्याची होती?

सहज विचारतेय.


११ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर येणार नाही हे मला कळतं. फोडतच नाहीस तर उत्तर काय देणार. तरी रोज पोस्टमन गेल्यावर दारात जाऊन बघते.

एका वकिलांच्या काळ्या कोटाची बाही उलटी लावली. उजवी डावीकडे. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते कोट घालून उभे राहिले, हात वर केला तर कोटच वर गेला. ते हसले, मला हसू येईना.

कशातच लक्ष नाही. चहा ठेवते आणि विसरते. दुकान उघडते, पुन्हा बंद करते, रस्त्याच्या टोकापर्यंत जाते, परत येते. शेजारचा चावीवाला विचारतो, "काय हरवलंय का, ताई?" त्याला म्हटलं, सुई.

चष्म्याच्या दुकानावरून चारदा गेले. काचेतून तो दिसतो. केस पिकायला लागलेत कानापाशी. आत गेले नाही. माझा चष्मा चांगला आहे.

मास्तरीणबाईंना सांगून त्या पट्टीच्या जातीची दोन मीटर पट्टी मागवलीय. तिला वाटलं सरावासाठी. मला एक करून बघायचंय. झालं की सांगेन. कदाचित नाही सांगणार. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

— आई


१७ फेब्रुवारी
(उघडं कार्ड)

ठमे, हे मुद्दाम उघडं पाठवतेय, म्हणजे फोडायचा प्रश्न नाही. वाटेत कोणी वाचलं तर वाचू दे.

तू पडलीस ती लंबूमुळे नाही. त्याने कडी नीटच अडकवली होती. तुझी निळी पट्टी आदल्या दिवशी मी उसवून पुन्हा शिवली होती. माझे टाके तुटले.

बाकीचं पाकिटात आहे.

— आई


१७ फेब्रुवारी
(पाकिटात)

ठमे,

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

त्या शनिवारी आपलं भांडण झालं होतं. लग्नानंतर तुम्ही दोघं डोंगराजवळ राहायला जाणार म्हणालीस आणि मी म्हटलं, जा, दगडांनाच आई म्हण. तू दार आपटून गेलीस. तुझी पाठीवरची पिशवी तिथेच होती, तिचा बंद उसवलेला. मी ती मशीनवर घेतली. बंद शिवला. मग पिशवी उपडी केली की अजून काही फाटकं आहे का. कारण मी फार वाईट बोलले होते आणि एका बंदात ते भरून निघणार नव्हतं.

त्यात ती निळी पट्टी निघाली. जोडावरचे टाके तू बघितलेस ना कसे असतात? जाड, एकावर एक गिचमिड, पोतं शिवल्यासारखे. कडेचे दोन-चार धागे विसविशीत झालेले. मला वाटलं, एवढा जीव टांगायचा आणि हे असलं काम? कोणा आळशाने केलंय. मी ते सगळे टाके उसवले. सगळे. अर्धा तास लागला, फार चिवट होते. तेव्हाच कळायला हवं होतं मला. मग जुळता निळा दोरा घेतला आणि मशीनवर बारीक टीप मारली, दोन ओळी, सरळ, एक टाका इकडे-तिकडे नाही. मला वाटलं, हे बघितल्यावर ठमी खूश होईल. सगळं परत भरून पिशवी तुझ्या खुर्चीवर ठेवली. सकाळी तू ती उचलून गेलीस. बंद शिवलेला बघितलास आणि दारात मागे वळून ‘येते’ म्हणालीस. मला वाटलं, मिटलं.

ह्या सहा तारखेला, सामानाच्या वर्गात मास्तरीणबाईंनी तशीच एक पट्टी सगळ्यांच्या हातात फिरवली. म्हणाली, "वर पोचल्यावर दोर बदलताना माणूस काही क्षण फक्त ह्या पट्टीवर असतो. पट्टीवर म्हणजे ह्या टाक्यांवर. हे टाके कारखान्यात खास मशीनवर घालतात. सुटायला लागले तर पट्टी कापून फेकायची. घरी शिवायची नाही, कोणी कितीही चांगला शिंपी असला तरी." सगळ्यांनी माझ्याकडे बघून हसून घेतलं, मी शिंपीण म्हणून. मीही हसले. मग पट्टी माझ्या हातात आली.

तरी मी आठ दिवस स्वतःला समजावत होते. कशावरून तीच? कशावरून माझेच टाके? शेवटी पट्टी मागवली, तस्सेच टाके घातले, तोच दोरा, तीच टीप. दुकानात जुन्या पंख्याचा आकडा आहे छताला, त्यात ती अडकवली आणि खालच्या फासात पाय घालून उभी राहिले. धरलं! अगं, धरलं त्याने! मी एकटीच मोठ्याने हसले. मी वाचले, असं वाटलं मला, खरं सांगते. तू वाचलीस असं नाही वाटलं. मी.

मग एक उडी मारली, लहानशी. टर्रकन गेलं. कपडा फाटल्यावर होतो तेवढाच आवाज. मी चिंध्यांच्या ढिगावर पडले, मला काही झालं नाही. तू दगडावर पडली होतीस.

मग मात्र चष्म्याच्या दुकानात गेले. काय बोलायचं सुचेना म्हणून म्हटलं, डोळे तपासायचेत. त्याने ओळखलं, तरी मला खुर्चीत बसवलं, ती जड फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि भिंतीवरची अक्षरं दाखवून म्हणाला, "काकू, सगळ्यात खालची ओळ वाचा." मी म्हटलं, "वाचायला नाही आले रे. सांगायला आलेय." आणि त्या फ्रेममधूनच सांगितलं सगळं. समोर सगळं धूसर होतं, त्यामुळे जमलं.

त्याने काचा डबीत लावल्या. मग खण उघडला आणि निळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. फाटलेली, माझ्या दोऱ्यांसकट. तो तुझ्या अपघातानंतर दोन दिवसांनी पुन्हा कड्यावर जाऊन शोधून घेऊन आला होता.

"तुम्ही इथे येऊन मला बोललात ना, तेव्हा ही ह्याच खणात होती," म्हणाला.

मी म्हटलं, "मग तोंडात काय मूग होते तुझ्या? सांगायचं नाहीस?"

तर चिडला. मी त्याला चिडलेला पहिल्यांदा बघितला. "कोणाला सांगू? ती फोन उचलत नव्हती. तुम्ही दारात उभं करत नव्हतात. आणि सांगून काय, आईवर ढकलून स्वतःची कातडी वाचवतोय म्हणाली असती. काकू, तीन वर्षं मला तुमचा इतका राग आलाय की ह्या रस्त्याने तुमचं दुकान लागतं म्हणून मी लांबून जातो." मग म्हणाला, "पण पट्टी सकाळी माझ्या हातात आली होती. टाके वेगळे दिसले मला. छान होते. नवीन कंपनीचे असतील असं वाटलं. मी विचारलं नाही. तपासणं माझं काम होतं."

म्हणजे ठमे, त्याची चूक एवढीच की त्याला माझे टाके छान वाटले.

त्या दिवसापासून तोही चढलेला नाही. आमचे वर्ग घेतो त्याच क्लबात तो शिकवायचा, तेही क्लबने काढून घेतलं होतं. मी काल क्लबमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास दिला, पण त्यांनीही नेहमीसारखा विनोद केला नाही.

माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझा घोटा, तुझा माणूस, तुझे डोंगर, सगळं मी घेतलं, आणि वर तीन वर्षं ‘मी सांगत होते’ म्हणत मिरवलं. ह्याच्यावर घालायला माझ्याकडे टाका नाही. चुकलं माझं. तोंडाने म्हणतेय. चुकलं.

— आई


६ मार्च, सकाळी साडेनऊ

ठमे,

रविवार असून दुकानात येऊन बसलेय. घरी बसवत नव्हतं. इथेही बसवत नाहीये.

मावशीने फोनवर सगळं सांगितलं. कार्ड आधी तिनेच वाचलं, ते तर होणारच होतं. मग रडली, मग तुझ्या दाराखालून सरकवलं. तू खणातली सगळी पाकिटं घेऊन जिन्यावर येऊन बसलीस आणि तारखेप्रमाणे एकेक फोडलंस. जेवायला हाक मारली तर आली नाहीस. मग फोन घेऊन बाहेर गेलीस ती दीड तासाने आलीस.

तो फोन मला नव्हता. लंबूला होता. मी पंधरा दिवस फोन एप्रनच्या खिशात घेऊन शिवतेय, दर वेळी वाजला की बोटात सुई. त्याला केलास, बरोबर केलंस. तरी मला फार लागलं. लागलं ते लागलं, खोटं कशाला लिहू?

मावशी म्हणाली, "रविवारी येतेय ती. त्याच्याबरोबर चढणार आहे. आणि तुला सांगितलंय, तिथे यायचं नाही."

आज माझा आठवा वर्ग होता, तुम्ही चढणार त्याच खडकांपाशी. मास्तरीणबाईंना सांगितलं, मी नाही येत. डॉक्टर म्हणाले, "लांबून बघा की, गाडीत बसून. तिला कळणारसुद्धा नाही." काय सांगू, मी बूट पिशवीत भरलेही होते. चपला घालून दारापर्यंत गेले. मग वाटलं, तुला न कळता तुझ्यासाठी काहीतरी करायचं, हीच तर माझी खोड. पिशवी ठेवून दिली.


सव्वा अकरा

आता तू खाली उभी असशील. पट्टा बांधत असशील. तो तपासत असेल, दहादा तपासत असेल. तूही तपास. त्याच्यावर सोडू नकोस, कोणावरच सोडू नकोस. बघ, सुरू झाले मी. खोडत नाही, राहू दे तसंच.

रस्त्याच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. चावीवाल्याने आज काही विचारलं नाही.


साडेबारा

घड्याळ बंद पडलंय असं वाटलं म्हणून कानाला लावलं. चालू आहे.

तुझा पाय अर्ध्यावर कापत असेल. माझा कापला होता तर तुझा कापणारच, तीन वर्षांनी. टाच खाली दाब. तुला मी सांगतेय, हसशील.

शिवायला काही घेऊ नये असं ठरवलंय आज. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेय, शाळेत शिक्षा व्हायची तशी. लिहायला तेवढा एक काढलाय.


दोन वाजून वीस

फोन वाजला. तुझा नंबर. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या काचेवर तुझं नाव आलं आणि मला उघडायलाच सुचेना. फोन नव्हताच, निरोप होता. ‘खाली आलो. दोघंही ठीक.’ एवढाच.

मशीनवर डोकं टेकून रडले. पाचदा उत्तर लिहिलं, पाचदा पुसलं. पहिलं फार लांब झालं, दुसऱ्यात उपदेश आला, तिसऱ्यात तुला घरी बोलावलं, चौथ्यात नुसतंच ‘बरं’ होतं, ते फारच तुसडं वाटलं. पाचव्यात एकच ओळ राहिली. तीही पाठवली नाही, तू नको म्हटलेल्या दारावर थाप मारल्यासारखं होईल. इथे लिहिते. वाटलं तर वाच.

घोटा दुखला का गं?

— आई